मित्र मिळाले का? परदेशी मिशनरी आणि इथली माणसं

आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता छोटा आहे. धर्मसेवेसाठी परक्या देशात गेलेल्या ख्रिस्ती माणसांची तिथल्या लोकांशी मैत्री होते का, आणि होते ती कशी होते, एवढंच आज आपण पाहणार आहोत.

विषय जुना वाटेल, पण तो आजचाही आहे. आजकाल अमेरिकेतून, युरोपातून, कोरियातून चर्चचे गट दहा-पंधरा दिवसांसाठी दुसऱ्या देशांत जातात. शाळेची भिंत रंगवतात, दवाखान्यात हातभार लावतात, मुलांबरोबर गाणी म्हणतात. आपल्याकडची मंडळीही अशा दौऱ्यांवर जातात. परत आल्यावर बहुतेक जण मनापासून सांगतात, की तिथं आम्हाला मित्र मिळाले. हे खोटं असतं असं आम्ही म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे, की तिथल्या माणसाला विचारलं तर तोही ‘मित्र’ हाच शब्द वापरेल का? की तो म्हणेल, ‘चांगले पाहुणे होते, आले आणि गेले’?

याचं उत्तर शोधायला आपल्याला शंभरेक वर्षं मागं जायला हवं. त्या काळी लोक दहा दिवसांसाठी येत नसत, उभं आयुष्य घेऊन येत. तरीही मैत्री दुर्मिळच होती. ती का दुर्मिळ होती हे कळलं, की ज्या थोड्या मैत्र्या झाल्या त्यांचं मोल कळतं.

एडिंबरोमधलं भाषण

जून १९१०. स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात जागतिक मिशनरी परिषद भरली होती. जगभरातल्या प्रोटेस्टंट मिशनांचे बाराशेच्या आसपास प्रतिनिधी जमले होते. आशियातल्या ख्रिस्ती मंडळींपैकी तिथं वीस जणही नव्हते. त्यांपैकी एक होते व्ही. एस. अझरया. तिरुनेलवेली भागातल्या एका खेड्यातल्या धर्मगुरूचा हा मुलगा, वय पस्तीस. वायएमसीएमध्ये अनेक वर्षं काम केलेला. पुढं १९१२ मध्ये ते दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चमधले ते पहिले भारतीय बिशप.

परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांमधलं सहकार्य, हा त्यांना दिलेला विषय होता. अशा विषयावर गोड गोड बोलून खाली बसता येतं. अझरया तसे बसले नाहीत. मिशनऱ्यांचा त्याग त्यांनी मोकळ्या मनानं मान्य केला. पण परदेशी मिशनरी आणि भारतीय सहकारी यांचं नातं बहुतेक ठिकाणी पगार देणारा आणि पगार घेणारा असंच आहे, हेही त्यांनी सांगितलं. एकत्र काम चालतं, पण एकमेकांच्या घरी जाणं-येणं नाही, सुखदुःखाचं बोलणं नाही. हस्तांदोलन, बसायला खुर्ची, चहा-जेवण या गोष्टी केवळ रीत म्हणून आम्हाला नकोत. पण त्या आपुलकीतून येणार असतील तर सगळ्या हव्यात आणि त्याहून जास्त काही हवं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. शेवटी त्यांनी मागितलं ते पैसे किंवा माणसं नव्हे, मित्र मागितले.

सभागृहात अस्वस्थता पसरली. काहींना हे बोलणं कृतघ्नपणाचं वाटलं. पण त्या परिषदेतलं जे थोडं आजही आठवलं जातं, त्यात हे भाषण आहे.

भिंती कोणत्या होत्या?

अझरयांनी ज्यावर बोट ठेवलं ती अडचण नीट समजून घेऊ. माणसं वाईट होती म्हणून मैत्री होत नव्हती, असं नाही. रचनाच तशी होती.

पहिली भिंत पगाराची. मिशनचा पैसा परदेशातून येई आणि तो मिशनऱ्याच्या हातून वाटला जाई. शिक्षक, प्रचारक, बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया, सगळ्यांचा पगार त्याच्याकडून. ज्याच्या एका शब्दावर आपली नोकरी आहे त्याच्याशी आपण कितीही हसून बोललो, तरी मनातलं बोलतो का? साहेब चुकला तर ‘साहेब, तुम्ही चुकलात’ असं म्हणतो का? जिथं असं म्हणता येत नाही तिथं आदर असेल, कृतज्ञता असेल, पण मैत्री असणं अवघड.

दुसरी भिंत बंगल्याची. मिशनचं आवार, त्यात बंगला, बंगल्यात खानसामा. राज्य इंग्रजांचं असल्यामुळं मिशनरी अमेरिकन असला तरी लोकांच्या लेखी तो साहेबच. इथल्या माणसानं व्हरांड्यात थांबायचं की आत यायचं, हे आधीच ठरलेलं.

इथं आपण आपल्याकडेही पाहायला हवं. तिसरी भिंत आपली होती, जातीची. मिशनऱ्याच्या हातचं पाणी चालत नसे. त्याच्याशी वेदान्तावर तासभर वाद घालणारा शास्त्री त्याच्या ताटाला ताट लावून बसला नसता. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळ्या-ओवळ्याची ही ओढाताण किती खोल होती आणि ती सुटायला किती काळ लागला, ते अगदी घरातल्या भाषेत वाचायला मिळतं. तेव्हा दोष एकाच बाजूला टाकून चालणार नाही.

आणि चौथी भिंत हेतूची. मिशनरी आला तोच मुळी समोरच्याचा धर्म बदलावा या इच्छेनं. समोरच्याला हे माहीत आहे. मग तो जवळ आला तर का आला, हा संशय राहतोच. ही भिंत सगळ्यांत अवघड, म्हणून तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

दिल्ली: रुद्र आणि झकाउल्ला

या भिंती ओलांडल्या गेल्याचं ठळक उदाहरण दिल्लीतलं आहे. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज, ज्यांना पुढं आपण ‘दीनबंधू’ म्हणून ओळखू लागलो, ते मार्च १९०४ मध्ये केंब्रिज मिशनचे धर्मगुरू म्हणून दिल्लीत आले आणि सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवू लागले. तिथं त्यांना सुशीलकुमार रुद्र भेटले. रुद्र बंगाली ख्रिस्ती. अँड्र्यूज येण्याच्या कितीतरी आधी, १८८६ पासून ते कॉलेजात शिकवत होते. अनुभव त्यांचा जास्त, विद्यार्थ्यांत मान त्यांना जास्त. तरी मिशनच्या कॉलेजचा प्राचार्य इंग्रजच असायचा, हा शिरस्ता.

१९०६ मध्ये प्राचार्यपद रिकामं झालं. अँड्र्यूज केंब्रिजचे, धर्मगुरू आणि गोरे. पण रुद्रांनाच नेमलं पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला आणि तो सोडला नाही. रुद्र प्राचार्य झाले, कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य. १९२३ पर्यंत ते त्या पदावर होते. अँड्र्यूज त्यांच्या हाताखाली शिकवत राहिले.

पगाराची भिंत आठवा. इथं ती उलटी झाली. गोरा मिशनरी भारतीय माणसाच्या हाताखाली आला, तोही स्वतः आग्रह धरून. नुसती सलगी दाखवणं सोपं असतं. आपल्या हातातला अधिकार दुसऱ्याकडे जाऊ देणं अवघड असतं. या दोघांची मैत्री खरी होती असं आपण म्हणतो ते या प्रसंगामुळं.

रुद्रांच्या घरी अँड्र्यूजचा राबता होता. देश कसा विचार करतोय, तरुण का चिडलेत, हे अँड्र्यूजना तिथं कळलं. पुढं त्याच घरी गांधीजी दिल्लीत आले की उतरू लागले. खिलाफतीच्या प्रश्नावर व्हाइसरॉयला लिहिलेल्या खुल्या पत्राची कल्पना आणि मसुदा रुद्रांच्याच छपराखाली तयार झाला, हे गांधीजींनी रुद्रांच्या मृत्यूनंतर स्वतः लिहून ठेवलंय. सरकारी अनुदान घेणाऱ्या मिशन कॉलेजच्या प्राचार्यानं हा धोका पत्करला होता.

दुसरी मैत्री मौलवी झकाउल्ला यांच्याशी. झकाउल्लांचा जन्म १८३२ चा, अँड्र्यूजचा १८७१ चा. म्हणजे वयात जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर. झकाउल्ला जुन्या दिल्ली कॉलेजचे विद्यार्थी, गणिताचे शिक्षक, उर्दूत गणिताची आणि इतिहासाची अनेक पुस्तकं लिहिणारे. त्यांचे लाडके गुरू मास्टर रामचंद्र १८५२ मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि त्यावरून दिल्लीत मोठी खळबळ उडाली होती. म्हणजे ख्रिस्ती धर्म झकाउल्लांना अनोळखी नव्हता. त्यांनी तो जवळून पाहिला आणि ते मुसलमानच राहिले.

हा तरुण पाद्री त्यांच्याकडे जाऊन बसे आणि ऐके. १८५७ च्या आधीची दिल्ली, तिथली घरं, सणवार, हिंदू-मुसलमानांचं एकमेकांकडे जाणं-येणं, मग ते सगळं उद्ध्वस्त होणं. १९१० मध्ये झकाउल्ला वारले. अँड्र्यूजनी त्यांच्यावर लिहिलेलं पुस्तक १९२९ मध्ये आलं, तब्बल एकोणीस वर्षांनी. एका ख्रिस्ती पाद्र्यानं एका श्रद्धाळू मुसलमानाचं लिहिलेलं ते चरित्र आहे, आणि आपल्या मित्रानं धर्म बदलला नाही याची खंत म्हणून ते लिहिलेलं नाही. दिल्लीच्या त्या जुन्या समाजाची आठवण म्हणूनही अभ्यासक ते आजही उघडतात.

या मैत्रींनी अँड्र्यूज बदलले. १९१४ च्या सुरुवातीला, गोखल्यांच्या सांगण्यावरून, ते दक्षिण आफ्रिकेत डर्बनला पोचले. बंदरावर गांधीजी दिसताच त्यांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. तिथल्या गोऱ्या समाजाला हे सहन झालं नाही. पण दहा वर्षं दिल्लीत वडीलधाऱ्यांच्या पायाशी बसलेल्या माणसाला त्यात वावगं काही वाटलं नसणार.

आपल्याकडे: टिळक आणि अ‍ॅबट

आता आपल्या मुलखाकडे येऊ. रेव्हरंड ना. वा. टिळकांची आगगाडीतली गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी जागा करून दिली, संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, धर्मावर बोलणं निघालं. उतरताना त्यांनी नवा करार टिळकांच्या हाती ठेवला. त्यांचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. थोड्या तासांची भेट, पण तिनं एका कवीच्या आयुष्याची दिशा बदलली. तेव्हा थोडक्या काळाच्या भेटीला काही किंमत नसते, असं कुणी म्हणू नये. पण ती भेट होती. तिला आपण मैत्री म्हणणार नाही.

फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवसांत त्यांचा संबंध आला तो अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी. पुढं टिळक नगरला मिशनच्या कामात राहिले, शिकवत राहिले, ‘ज्ञानोदया’त लिहीत राहिले. पण पगार घेऊन केलेली सेवा त्यांना हळूहळू खुपू लागली. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं मानणारा हा माणूस. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला दोघांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. अझरयांनी एडिंबरोत जे बोलून दाखवलं, ते टिळकांनी आपल्याकडे करून दाखवलं. परदेशी माणसाशी नातं ठेवायचं तर मधला पगार काढून टाकायचा.

आणि अ‍ॅबट? ते १९१० मध्ये निवृत्त होऊन अमेरिकेत, न्यू जर्सीमध्ये परतले. मिशनरी परत गेला की गोष्ट संपते असं आपण धरून चालतो. इथं ती संपली नाही. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हे गृहस्थ एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, रामदास इंग्रजीत आणत बसले. महिपतीच्या ‘भक्तविजया’चं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९३३ मध्ये बाहेर आलं आणि त्यावर दोन नावं आहेत, अ‍ॅबट आणि पंडित नरहर गोडबोले. ज्या लोकांना शिकवायला म्हणून आले, त्यांच्याच संतांचे ते म्हातारपणी विद्यार्थी झाले.

पुणे ते करंजिया: एल्विन आणि शामराव

तिसरं उदाहरण पुण्यात सुरू होतं. जॅक विन्स्लो या मिशनऱ्यानं १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. युरोपियन आणि भारतीयांनी एकत्र, बरोबरीनं, साधेपणानं राहायचं. खादी वापरायची, जमिनीवर बसून जेवायचं. म्हणजे बंगल्याची भिंतच पाडायची. १९२७ मध्ये ऑक्सफर्डचा एक तरुण धर्मगुरू या संघात दाखल झाला, व्हेरिअर एल्विन. संघातच त्याला शामराव हिवाळे भेटले, मराठी ख्रिस्ती घरातला तरुण.

१९३२ च्या जानेवारीत हे दोघं मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यात, मैकल डोंगररांगेतल्या करंजिया गावी, गोंडांमध्ये राहायला गेले. दवाखाना, शाळा, कुष्ठरोग्यांसाठी घर अशी कामं सुरू केली. गोंडांना ख्रिस्ती करण्याचं काम आपण करणार नाही, ही एल्विनची भूमिका पक्की होत गेली. गांधीजींशी जवळीक असल्यामुळं सरकारचा रोष होताच. बिशपशीही जमेना. १९३५ मध्ये एल्विननी चर्च सोडलं. पाद्री म्हणून आलेला माणूस पाद्री राहिला नाही. शामराव मात्र बरोबर राहिले.

या मैत्रीकडे नुसतं एल्विनच्या बाजूनं पाहू नका. एल्विनचं नाव जगभर झालं. पण गावात रोज ओळख ठेवणं, भांडणं मिटवणं, औषध देणं, हे शामरावांनी सांभाळलं. गोंडांच्या गाण्यांचं इंग्रजी पुस्तक १९३५ मध्ये आलं त्यावर दोघांची नावं आहेत. शामरावांनी नर्मदाखोऱ्यातल्या परधानांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि एल्विनचं चरित्रही लिहिलं. म्हणजे इथल्या माणसानं परदेशी माणसाचं चरित्र लिहिलं, नेहमीच्या उलट. १९५४ मध्ये एल्विन ईशान्येकडे गेले, भारताचे नागरिक झाले. शामराव मंडला जिल्ह्यातच, पाटनगढला राहिले.

हे चित्र अगदी स्वच्छ आहे असं मात्र नाही. एल्विननी १९४० मध्ये एका गोंड मुलीशी लग्न केलं. ते टिकलं नाही, आणि त्यात तिच्या वाट्याला काय आलं याबद्दल पुढं अभ्यासकांनी अवघड प्रश्न विचारले आहेत. एका माणसाशी बरोबरीनं वागणारा दुसऱ्याशी तसाच वागेल, याची खात्री नसते. सत्ता, शिक्षण, पैसा यांचं अंतर मनात प्रेम असलं तरी आपोआप मिटत नाही.

मग आजच्या पाहुण्यानं काय घ्यायचं?

तिन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की काही गोष्टी सारख्या दिसतात. एक, येणारा कशासाठी तरी इथल्या माणसावर अवलंबून होता. भाषेसाठी, समजुतीसाठी, वाट दाखवण्यासाठी. दोन, इथल्या माणसाला त्याला ‘नाही’ म्हणता येत होतं. तीन, हातातलं काहीतरी त्यानं खरोखर सोडलं. कुणी पद सोडलं, कुणी बंगला, कुणी चर्चच. आणि चार, तो परत गेला तरी नातं कामातून चालू राहिलं.

दहा दिवसांत हे सगळं होणार नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. पण सुरुवात योग्य बाजूनं करता येते. गेल्या गेल्या वाटप सुरू करण्याऐवजी आधी कुणाच्या तरी घरी जेवावं. भिंत रंगवायची तर ती रंगवायला हवी का, हे गावाला विचारावं आणि ‘नको’ म्हटलं तर ऐकावं. फोटो काढण्याआधी नाव विचारावं आणि घरी जाऊन ते नाव लक्षात ठेवावं. पुढल्या वर्षी दुसरं नवं गाव शोधण्यापेक्षा त्याच गावी परत जावं. आणि कधीतरी त्यांनाही आपल्याकडे बोलवावं. नातं एकाच दिशेनं प्रवास करत असेल, तर ते अजून पाहुणचाराच्याच टप्प्यावर आहे.

शेवटी आलेला एक प्रश्न

व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यानं विचारलं, ‘धर्म बदलावा हा हेतू मनात असेल तर ती मैत्री खोटीच नाही का?’ चौथ्या भिंतीचं उत्तर द्यायचं राहिलंच होतं, म्हणून ते इथं देतो.

आपल्याला जे मोलाचं वाटतं ते मित्राला सांगावंसं वाटणं यात खोटं काही नाही. आपण सगळेच ते करतो. वारकरी मित्राला वारीला चल म्हणतो, नास्तिक मित्राशी वाद घालतो. मैत्री खोटी ठरते ती त्यानं ‘नाही’ म्हटल्यावर आपण येणं थांबवलं तर. झकाउल्ला शेवटपर्यंत मुसलमान राहिले आणि अँड्र्यूज शेवटपर्यंत त्यांच्याकडे जात राहिले, पुढं एकोणीस वर्षं त्यांना विसरले नाहीत. उत्तर ठाऊक असूनही जो दारात येतो, त्याला मित्र म्हणायला आमची हरकत नाही.

आज इथंच थांबू.